सासू-सून, सख्ख्या बहिणी

जॉन द मोहुनची आई इझाबेल द फेरर्स, बायको जोन द फेरर्स. एका इंग्रज कुटुंबानं तपासायला दिलेल्या वंशावळीत ही नावं खाली-वर दिसली आणि मी तिथेच अडले. इझाबेल आणि जोन सख्ख्या बहिणी होत्या. मग जॉननं मावशीशी लग्न केलं? तेराव्या शतकातलं चर्च चौथ्या पिढीपर्यंतचं रक्ताचं नातंही लग्नाला चालू देत नसे.

लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात माझं बरंचसं काम चालतं. इंग्लंडमध्ये चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी 1538 पासूनच्या. त्याआधीची माणसं शोधायची तर जमिनीच्या मागे जावं लागतं. सरदार मेला की त्याची जमीन कुणाकडे गेली, हे राजाचे कारकून लॅटिनमध्ये चोख लिहून ठेवत.

या बहिणींची कथा त्यांच्या आजोबांपासून सुरू होते. विल्यम मार्शल, राजपालक (म्हणजे बालराजाच्या वतीनं कारभार पाहणारा), 1219 मध्ये वारला. त्याला पाच मुलगे आणि पाच मुली. मुलगे एकामागून एक गेले, शेवटचे दोघे 1245 मध्ये, आणि एकाचाही औरस वारस मागे नाही. मुलगे उरले असते तर सगळं थोरल्यालाच मिळालं असतं. मुलींमध्ये मात्र समान वाटणी, हा तिथला तेव्हाचा कायदा. म्हणून वेल्स-आयर्लंडपर्यंत पसरलेल्या त्या दौलतीचे पाच भाग झाले. सिबिल या मुलीला सात मुलीच; इझाबेल आणि जोन त्यांतल्याच. तिच्या पाचव्या हिश्श्याचे पुन्हा सात. एकेकीला पस्तिसावा भाग! एरवी ज्या बायकांची नावंही कुणी लिहिली नसती, त्या सातही जणी या वाटणीमुळे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. मला या कागदांबद्दल फार माया वाटते, ती यासाठीच.

त्या सातांपैकी इझाबेलचा पहिला नवरा गिल्बर्ट बॅसेट 1241 मध्ये वारला. त्यानंतर तिनं डन्स्टरच्या रेजिनाल्ड द मोहुनशी लग्न केलं. हा रेजिनाल्ड 1258 मध्ये गेला, तेव्हा मुलगा जॉन आधीच वारलेला होता आणि वारस ठरला जॉनचा मुलगा. आता हिशेब करा: जॉन इझाबेलच्या पोटचा असता, तर 1258 मध्ये तो जेमतेम सोळा वर्षांचा असता. तेवढ्यात लग्न, मूल आणि मृत्यू? जॉन हा पहिल्या बायकोचा. बापानं थोरली बहीण केली आणि लेकानं तिचीच धाकटी. इझाबेल ही जोनची सावत्र सासू, आणि सख्खी बहीणही. रक्ताचं नातं नसल्यामुळे चर्चचीही अडचण नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्या कुटुंबाला फोन केला. मार्शलशी नातं तुटलं का, एवढंच त्यांना हवं होतं. नाही, म्हटलं, ते जोनकडून पक्कं आहे. फक्त इझाबेलकडून काढलेली रेघ पुसा, आणि तिच्या जागी जॉनची खरी आई लिहा.