मॅगीचं झाड

आमच्या दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयमधल्या घरामागे एक झाड आहे, त्याला इकडे सगळे मागीक्राउट म्हणतात, म्हणजे मॅगीचा पाला. खरं नाव लीबश्टोकेल. मला आधी दोन मिनिटांच्या नूडल्सच आठवल्या, पण इथे मॅगी म्हणजे सूपमध्ये थेंब थेंब टाकायची ती काळ्या द्रावाची बाटली, १८८६ पासूनची, आणि गंमत म्हणजे त्या बाटलीत हा पाला नसतोच, नुसता वास जुळतो!

रोप शेजारच्या आजींनी दिलं, त्यांच्या गड्ड्याचा एक तुकडा, वर दोन कोंब. पहिल्या वर्षी निम्मं बिनशंखाच्या गोगलगायींनी खाल्लं आणि नोव्हेंबरात उरलेलं पिवळं पडून आडवं झालं. मी नवऱ्याला म्हटलं गेलं हे, उपटून टाकू या, तर आजी कुंपणापलीकडून "नाइन, नाइन!" म्हणजे नाही, नाही करत आल्या. मार्चअखेरीस बर्फ वितळला आणि मातीतून तांबूस, मुठी आवळल्यासारखे कोंब वर आले. यंदा तिसरं वर्ष, जूनमध्ये ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. चांगल्या ओलसर मातीत दोन मीटर होतं म्हणे, आता पटतं. घराला एकच झाड बास, दुसरं लावायच्या फंदात पडू नका.

कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्याच खानदानातलं आहे, फुलंही तशीच छत्रीसारखी, पिवळी. फुलं यायला लागली की पानं कडवट होतात, म्हणून मी दांडे दिसले की कापते, एक तेवढा ठेवते मधमाश्यांसाठी.

वापरताना हात आखडता घ्यायचा बरं का. पहिल्यांदा मी कोथिंबीर समजून मूठभर चिरून आमटीत टाकलं, आमटीचं जर्मन सूप झालं, गूळ-आमसूल कुठल्या कुठे. आता बटाट्याच्या रश्शाला दोन पानं, शिजत असतानाच, आणि मग गरम मसाला नाही घातला तरी चालतो. बाकीचं चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी घालून गोठवते, हिवाळाभर पुरतं. दांडे आतून पोकळ, लेक त्याची स्ट्रॉ करून टोमॅटोचा ज्यूस पितो, तेवढाच ज्यूस पोटात जातो.

आईने फोटो बघून "मलाही आण" म्हटलंय. पुण्याच्या उन्हाळ्यात हे काही टिकायचं नाही, म्हणून पानं सावलीत वाळवून एक डबी भरलीय. वाळल्यावर वास जरा उतरतो, पण बॅग उघडली की कपड्यांना येणारच.