हात, जांघ आणि भेटकलम

चारा कापायच्या कडबाकुट्टीत पेंढी सरकेना म्हणून हाताने रेटली, एवढीच माझी चूक; हात पात्यांत गेला. शेजाऱ्यांनी हळद आणली, आईने ती जखमेवर थापलीही. मिरजेच्या दवाखान्यात ती धुऊन काढता काढता डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. स्वच्छ कापड गुंडाळायचं, हात उंच धरायचा, दुसरं काही लावायचं नाही. हे आता गावात मीच सांगत फिरतो.

दोन बोटांचे शेंडे गेले होते. त्याहून वाईट म्हणजे हाताच्या पाठीची कातडी सोलून निघालेली, आतल्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या. मी म्हटलं, मांडीची कातडी लावा की. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या कातडीला खालून रक्त मिळालं तरच ती जगते. या दोऱ्यांवर, म्हणजे उघड्या टेंडनवर, ती धरत नाही. फ्लॅप करावा लागेल." म्हणजे जांघेजवळची कातडी चरबीसकट उचलायची, पण तिचं एक टोक जागेवरच ठेवायचं, म्हणजे रक्त चालू राहतं. दुसरं टोक हाताला शिवायचं. तीन आठवडे हात जांघेला जोडलेला! मी तोंडाकडे बघत राहिलो, तर शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "अरे, आंब्याचं भेटकलम. झाडावरची फांदी न तोडताच रोपाला बांधायची, जीव धरला की मागून कापायचं." त्यानंतर मला कुणी काही समजावायची गरज पडली नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, आरोग्यमित्राच्या टेबलाशी चकरा, हे सगळं बायकोने निस्तरलं.

ऑपरेशननंतर सिस्टर सारख्या येऊन फ्लॅप बोटाने दाबून बघायच्या. पांढरा पडून दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाला की ठीक. जांभळा दिसला तर रक्त परत जात नाहीये, पांढराच राहिला तर येतच नाहीये. तंबाखू पूर्ण बंद, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात. खरं सांगतो, हात बांधल्यापेक्षा तेच जड गेलं. भेटायला येणारे म्हणायचे, "काय, खिशात हात घालून झोपलाय!" पहिले आठ दिवस हसलो. पुढे खांदा आणि कोपर असे भरून आले, की कूस बदलायलाही बायकोला उठवायचो. संडासला जाणं तर विचारूच नका.

तिसऱ्या आठवड्यात जांघेकडची बाजू रबराने आवळून बघितली. हाताकडचा भाग गुलाबीच राहिला. बायको म्हणाली, "अहो, धरलं की!" मग कापून हात मोकळा केला.

आता हाताच्या पाठीवर फुगीर गादी आहे. मूळची ओटीपोटाखालची चरबी. माझं वजन वाढलं की तीही वाढते. तिथे स्पर्श नीट कळत नाही, मागे चुलीशी भाजलं ते फोड आल्यावर समजलं. फिजिओथेरपीने मूठ अर्धी वळते. धार डाव्या हाताने काढतो, पण म्हैस अजून नाखूश आहे.