चापडगावची पाणथळ

जानेवारी, रविवार, रात्र

निफाड तालुक्यात या आठवड्यात थंडी फार वाढली आहे. पहाटे चांदोरीहून सायखेड्याच्या बाजूला वळलो, तेव्हा द्राक्षबागांमध्ये रात्री पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगत थबकलेला होता. पारा फार उतरला की पिकत आलेले मणी तडकतात, म्हणून शेतकरी रात्र जागून बागेत धूर करतात आणि ठिबकने पाणी सोडतात. ज्या थंडीने त्यांची झोप उडते, ती लडाख-तिबेट आणि मध्य आशियातून आलेल्या बदकांना काहीच वाटत नाही. तिकडची तळी आता गोठलेली आहेत. इथले पाणी गोठत नाही, एवढे त्यांना पुरते.

भाचीला सोबत नेले होते. दहावीच्या अभ्यासातून एक सकाळ सोडवून घ्यायला तिच्या आईची बरीच मनधरणी करावी लागली. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या चापडगावच्या फाटकापाशी गावातलेच एक गाइड बरोबर आले. या परिसरातली तरुण मुले पक्ष्यांची नावे शिकून हे काम करतात आणि फार चांगले करतात. त्यांच्याजवळ स्कोप होता, आमच्याजवळ एकच दुर्बीण.

निरीक्षण मनोऱ्यावर चढलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि दिसण्याआधी ऐकू आले ते चक्रवाक. नाकातून काढल्यासारखा, थोडा रडवा, दूरवर जाणारा तो आवाज आहे. रात्री विरहात एकमेकांना हाका मारणारे जोडपे म्हणून आपल्या काव्याने चक्रवाकांना अमर केले. हे पक्षी रात्रीही चरतात आणि अंधारात पांगलेल्या जोडीदाराला साद घालत राहतात, हे लक्षात घेतले तर जुन्या कवींनी कान देऊन ऐकले होते, असेच मला वाटते. धुके विरल्यावर मातीच्या उंचवट्यावर त्यांच्या केशरी-तांबूस जोड्या उन्हाकडे तोंड करून उभ्या दिसल्या.

त्यानंतरचा बराच वेळ आम्ही थापट्यांकडे पाहण्यात घालवला आणि मला तो पुरला नाही. पुढे पसरट झालेल्या लांबट चोचीची ही बदके दहा-बाराच्या घोळक्याने एकाच जागी गोल गोल फिरत होती, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागच्या पाण्यात बुडालेली. भाचीने विचारले, "मावशी, ही अशी एकामागे एक का फिरताहेत? खेळताहेत का?" मी उत्तर द्यायच्या आत गाइड म्हणाले, "ताई, ते जेवण चाललंय. पायांनी तळ ढवळतात, मग खालचं वर येतं." थापट्याच्या चोचीच्या कडांना शंभराहून अधिक बारीक पट्ट्यांची झालर असते. पाणी आत घेऊन कडांवाटे बाहेर सोडले की सूक्ष्म जीव आणि बिया त्या झालरीत अडकून राहतात. एकटा पक्षी जेवढे ढवळू शकतो, त्यापेक्षा घोळक्याच्या भोवऱ्यात कितीतरी अधिक खाद्य वर येते. मात्र हे सगळे साधते ते उथळ पाण्यात. थोड्या अंतरावर, जिथे पाणी जरा खोल होते, तिथे तलवार बदके डोके खाली आणि टोकदार शेपटी आकाशाकडे करून तळाशी पोहोचत होती. त्यांची मान लांब असल्यामुळे थापट्याला न मिळणारे त्यांना मिळते. त्याहून अलीकडे, काठाच्या चिखलात, लालसर गुलाबी पायांचे शेकाटे आणि ठिपकेवाली तुतारी चालत चालत टिपत होते. मधल्या पट्ट्यात चमचे चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकत होते. कुणाला वीतभर, कुणाला हातभर, कुणाला बोटभर पाणी लागते. एका नजरेच्या टप्प्यात ही सगळी मापे शेजारी शेजारी मिळतात, हे या जागेचे खरे वैभव आहे.

आणि हे वैभव निसर्गाने एकट्याने दिलेले नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, तो पक्ष्यांसाठी नव्हे, तर पाण्यासाठी. गोदावरीचा उजवा आणि डावा कालवा येथूनच निघतो आणि खाली कोपरगावच्या बाजूपर्यंत शेती भिजवतो. बंधाऱ्यामागे दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी माती आणून टाकली, तिचे उंचवटे झाले, उंचवट्यांवर गवत आणि पाणकणीस वाढले, मध्ये डबकी आणि उथळ पाट राहिले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा गाळ म्हणजे कमी झालेला साठा. पक्ष्यांच्या हिशेबात हाच गाळ म्हणजे अन्न. १९८६ मध्ये ही जागा अभयारण्य झाली आणि २०१९ मध्ये येथील १,४३७ हेक्टर क्षेत्र रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ आहे. नाशिककर म्हणून मला याचा अतिशय अभिमान वाटतो. राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी-उद्यानावरून याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण मला त्या उपमेची गरज वाटत नाही. नांदूरमध्यमेश्वर हे नाव स्वतःच्या बळावर पुरेसे आहे.

नऊच्या सुमारास पाणकणसांवरून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी आली. तपकिरी अंग, फिकट पिवळसर डोके, पंख किंचित वर धरलेले, आणि उडणे इतके खालून की बोंडांना पाय लागावेत. उघड्या पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा विखुरलेला होता. ती दिसताच ते सगळे काळे पक्षी आत आत सरकत गेले, अंगाला अंग लागले, आणि ती डोक्यावर आली तेव्हा त्यांनी पाय-पंख आपटून पाण्याचा असा फवारा उडवला की काही क्षण पक्षी दिसेनासेच झाले. भोवत्याला कळपातून एक वेगळा काढायचा असतो. दुबळा, मागे राहिलेला. तिने तीन वेळा घिरटी घातली, थवा फुटला नाही, आणि ती खाणगाव थडीच्या दिशेने निघून गेली. भाचीने माझा हात घट्ट धरला होता. वारकरी इथे इतके असतात की अनेक लोक त्यांच्यावरून नजर पुढे नेतात. मला ते पटत नाही. आजच्या सकाळीत याहून मोठे काही घडले नाही.

परतताना काठाकाठाने चाललो. जांभळ्या पाणकोंबड्या बोरूचे कोंब एका पायात धरून खात होत्या. पण काही ठिकाणी जलपर्णीने पाण्याचा पृष्ठभागच झाकून टाकला आहे. नाशिक शहरातून गोदावरीत जे सांडपाणी येते, त्यातल्या पोषक द्रव्यांवर ही वनस्पती माजते. तिच्या खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातली शेवाळे आणि वनस्पती मरतात, आणि थापट्याला चोच बुडवायला जागा उरत नाही. कमळपक्ष्यांना ती चालते, कारण लांब बोटांवर भार पसरून ते तिच्यावरून चालू शकतात, परंतु बदकांना उघडे पाणी हवे. गाळ काढावा अशी मागणी परिसरात अधूनमधून होते. शेतकऱ्याला पाणी हवे आहे आणि त्याची गरज खरी आहे, हे मी मान्य करते. तरीही मला वाटते की आधी जलपर्णी काढावी, सांडपाणी शुद्ध होऊन नदीत यावे, आणि गाळ काढायचाच झाला तर काठचे उथळ पट्टे न दुखावता काढावा. सगळीकडे सारखी खोली झाली तर साठा वाढेल, पण आज दिसलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेकांचे पाय आणि चोची तळाला लागणार नाहीत.

गाइडांना मी आवर्तनाबद्दल, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल विचारले. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटले की येथील पातळी वर चढते आणि काठचे पक्षी उठून शेतांकडे जातात. कालव्यांतून पाणी निघून गेले की ओला चिखल उघडा पडतो आणि दुसऱ्याच दिवशी तुतारी, शेकाटे, पिवळे धोबी त्यावर उतरतात. "ताई, आम्ही कॅलेंडर बघत नाही, पाणी बघतो," असे ते म्हणाले. पुढचे आवर्तन उतरल्यावर फोन करतो, असेही त्यांनी सांगितले. चक्रवाक आणि थापटे उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडे निघू लागतात, भुवई बदके मात्र बरीच मागे रेंगाळतात. भाचीची परीक्षा मार्चमध्ये संपते. तोवर चिखल उघडा असेल तर पुन्हा येऊ, आणि त्या वेळी तिच्यासाठी दुसरी दुर्बीण मागून आणायची आहे.