यादीत 'कैऱ्या' दोनदा: पायथनच्या स्ट्रिंगशी झटापट

देवगडात हंगामात येणाऱ्या आंब्याच्या मागण्या मी टेक्स्ट फाइलीत ओळीला एक अशा उतरवतो: 'महाड, हापूस, ५ डझन'. फळागणिक बेरीज पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करायची, एवढंच काम. मजकुराच्या तुकड्याला तिथे स्ट्रिंग म्हणतात.

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर विंडोजवर देवनागरीची रांगोळी होऊ शकते. 'यूटीएफ-८' दिलं की वाचता येतं. फाइल बॉमसकट सेव्ह झाली असेल, तर पहिल्या ओळीआधी बॉम ही अदृश्य खूण राहते आणि ती कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या स्ट्रिपनेही जात नाही. तिथे 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं.

ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली, म्हणजे तोडली, की तीन तुकडे: गाव, फळ, संख्या. नुसतं 'गाव.स्ट्रिप()' लिहून काहीच बदलत नाही; नवी स्ट्रिंग मिळते, ती 'गाव = गाव.स्ट्रिप()' अशी परत ठेवावी लागते. '५ डझन' मोकळ्या जागेवर तोडून मिळालेला '५' इंटला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) थेट कळतो, मराठी आकडा बदलून द्यावा लागत नाही. मात्र '५डझन' किंवा 'अर्धा डझन' आला की व्हॅल्यू एरर, म्हणजे आकडा न कळल्याची तक्रार. अशा ओळी मी वेगळ्या काढून हाताने बघतो. अंदाज बांधणारा कोड लिहिला तर पेटी चुकीची जाते.

खरी गोम बेरजेत निघाली. 'कैऱ्या' दोनदा, दोन वेगळ्या आकड्यांसह. दिसायला तंतोतंत सारख्या, पण लेन (लांबी) एकीची ६, दुसरीची ७. रेप्रने (न दिसणारी चिन्हंही उघड करणाऱ्या फंक्शनने) छापल्यावर दुसरीत 'यू२००डी' दिसलं. एकीत ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह (तेच 'यू२००डी') आणि य. कोणी कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं, त्यावर हे ठरतं. यूनिकोड (अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) नॉर्मलाइज करूनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करूनही, या दोन्ही एक होत नाहीत. म्हणून बेरजेआधीच रिप्लेसने 'र, हलन्त, जोडचिन्ह' काढून 'ऱ, हलन्त' घालतो. लेन अक्षरं मोजत नाही, हेही इथेच कळतं: 'रत्नागिरी'ची लांबी ९ येते, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात.

गावांची यादी सॉर्ट केली तर मळगाव महाडच्या आधी येतं. कोडक्रमात (यूनिकोड क्रमांकांच्या क्रमात) ळ हा ल आणि व यांच्या मध्ये, आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर. तुलनेपुरती, ळच्या जागी ह नंतरचं एखादं चिन्ह घातलेली प्रत सॉर्टच्या 'की'ला (कशावरून क्रम लावायचा ते सांगणाऱ्या पर्यायाला) दिली की महाड वर सरकतं.