बोर्डावर एक भाव, पावतीवर दुसरा

वणीकडच्या एका जिनिंगमधून दुपारी फोन आला. कापूस क्विंटलमागे ५० रुपयांनी चढला होता. नवा भाव बोर्डावर खडूनं लिहिला, कॉम्प्युटरात भरला, तरी काट्यावरची पावती सकाळचाच भाव छापत होती. काट्याचा प्रोग्राम मी सांभाळतो. मी पोचलो तेव्हा गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेलेली. "काऊन भाऊ, बोर्डावर येक अन् चिठ्ठीवर येक?" एका शेतकऱ्यानं मलाच धरलं. मॅनेजरनं प्रोग्राम बंद करून चालू केला, भाव बरोबर आला. त्याच्यासाठी विषय तिथंच संपला.

प्रत्येक वजनकाट्याच्या इंडिकेटरची, म्हणजे वजन दाखवून कॉम्प्युटरला पाठवणाऱ्या डब्याची, तऱ्हा निराळी. कुणी वजनाआधी बरोबरचं चिन्ह लावतो, कुणी आकडेच उलटे पाठवतो: १२३४० किलोची गाडी ०४३२१ होऊन येते. म्हणून दर इंडिकेटरला वेगळा क्लास, म्हणजे त्याची भाषा जाणणारा कोडचा तुकडा, आणि सेटिंगमधलं नाव वाचून चालू प्रोग्राममध्ये तो उभा करणारी फॅक्टरी. पोर्ट, म्हणजे काटा कॉम्प्युटरला जिथं जोडलाय ती जागा, आपण द्यायचा; क्लास उभा करताना लागणारं बाकी सगळं डॉटनेटचा (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मचा) कंटेनर, म्हणजे तयार भागांचं कोठार, पुरवतो. रचना झकास आहे, आजही म्हणतो.

पण ही फॅक्टरी सिंगलटन, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला एकच. तिच्या हातात मूळ कंटेनर. इंडिकेटरचा क्लास पावतीही करायचा, म्हणून त्याला भाव वाचायला डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारं ऑब्जेक्ट) लागायचा. तो स्कोप्ड, म्हणजे एका कामापुरता (स्कोपपुरता) जगणारा; पण मूळ कंटेनरातून मागितला की तो प्रोग्राम बंद होईस्तोवर जित्ता राहतो. लॉगमध्ये क्वेरी जाताना दिसत होती, डेटाबेसातून नवा भाव येतही होता. पण ईएफ कोअरनं (डॉटनेटच्या डेटाबेस लायब्ररीनं) ती ओळ सकाळीच ट्रॅक केलेली, म्हणजे आपल्याजवळ धरून ठेवलेली, म्हणून ते जुनंच ऑब्जेक्ट परत देत होतं. एरवी भाव सकाळी एकदाच भरतात आणि रात्री मशीन बंद होतं, म्हणून इतके दिवस झाकलं गेलं.

डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहीत असताना, डॉटनेट अशा वेळी सरळ एरर देतं. आधीच्या प्रोग्रामरनं ही तपासणी करणारं सेटिंग, व्हॅलिडेटस्कोप्स, फॉल्स (बंद) करून ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, "एरर यायचा, म्हणून काढलं." धन्य!

दर वजनाला नवा स्कोप काढून त्यातूनच क्लास बनवावा, हे पहिलं सुचलं. पण मग पोर्टही दर गाडीला उघडबंद होणार, आणि असं बनवलेलं ऑब्जेक्ट कंटेनर स्वतः डिस्पोज करत नाही (आवरून मोकळं करत नाही), ते आपल्यालाच करावं लागतं. शेवटी इंडिकेटरच्या क्लासकडे फक्त वजन ठेवलं. पावती वेगळ्या सर्व्हिसकडे, दर पावतीला नवा स्कोप. काट्याला भाव कळायचं मुळात कारणच काय होतं?

जुन्या भावानं पावती घेऊन गेलेल्यांची यादी मी काढून मॅनेजरला दिली. फरक कुणाकुणाला मिळाला, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.