इंदूरच्या उन्हाळ्यात अंडी उबवायची म्हणजे

कडकनाथ आपल्याच बाजूचा, झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला, पण या कोंबडीचं एक आहे, अंडी देते आणि चालायला लागते, खुडूक (अंडी उबवायला) बसेल तर शपथ. त्यामुळे तिची अंडी लोक दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवतात. आमच्याकडे दुसरी कोंबडीच नाही, म्हणून म्हटलं इनक्युबेटर घरीच करू.

सामान काही विशेष नाही. थर्माकोलचा डबा, होल्डर, बारा व्होल्टवाला थर्मोस्टॅट (सेन्सरने तापमान बघून बल्ब चालू-बंद करतो तो), अडॅप्टर आणि जुन्या कॉम्प्युटरचा फॅन. महाराणी रोडवर सगळं मिळतं, फक्त पिवळा, जुना तारेचा बल्ब मागितला की दुकानदार आधी एलईडीच काढतो, तो घेऊ नका, त्याच्यानं डबा तापत नाही. मी चाळीस वॅटचे दोन पिवळे घेतले, एक उडाला तर दुसरा असतो. दुकानदार म्हणे, "भिया, अंडे उबालोगे क्या?"

सेटिंग ३७.५ डिग्री, फॅन असेल तर हेच. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर लटकवायचा, बल्बजवळ नाही. आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको, घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर सेन्सरशेजारी ठेवून बघा, तो नेमका याच रेंजचा असतो आणि चांगला अचूक असतो.

आता खरी गंमत. सगळे व्हिडिओ डबा गरम कसा ठेवायचा तेच सांगतात. अरे पण इथे मे महिन्यात बाहेर बेचाळीस, वरच्या खोलीत दुपारी बल्ब लागतच नाही आणि डबा आपोआप एकोणचाळीसच्या वर जातो! थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, डबा थंड थोडीच करू शकतो. आणि जास्त गरमी थोड्या गारव्यापेक्षा वाईट, भ्रूण लवकर मरतं. वरून हवा इतकी कोरडी की अंड्यातलं पाणी उडत जातं, हवेतला ओलावा पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा आणि शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर. दोन्हीवर इलाज एकच, कूलरची खोली. ती आमच्याकडे खालची मधली, म्हणजे देवघराची. आईची एकच अट होती, अंडी देवघरात नकोत. मग "आई, ही खायची नाहीत गं, पिल्लं काढायचीत" असं करत करत पडद्यापलीकडचा कोपरा मिळाला. कूलरची हवा थेट डब्यावर मारायची नाही, खोली गार राहिली की बास.

पाण्याचं भांडं खोल नको, पसरट हवं, ओलावा पाण्याच्या पसाऱ्यावर ठरतो. मी स्टीलचं ताट ठेवलं, कमी पडलं की त्यात ओला स्पंज.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवायची, विषम वेळा, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं, तर आत एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि तो ठिपका हलत होता! आई पण बघून गेली, बोलली काहीच नाही. ज्यात नुसता पिवळा उजेड दिसतो ती काढून टाका. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांवर प्रयोग करू नका, तिथल्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो.

अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद आणि झाकण बंद. पिल्लाने टोच मारून भोक पाडलं की हात शिवशिवतात, पण झाकण उघडलं तर कोरड्या हवेने आतली पातळ चामडी पिल्लालाच चिकटून बसते. भोक पाडल्यावर बाहेर यायला कधी अख्खा दिवस लागतो, लागू द्या. निघालेल्या पिल्लाला दाण्याची घाई नाही, पोटातल्या बलकावर दोनेक दिवस निघतात, पिसं वाळून फुगली की मगच बाहेर काढा.

आमची बरीचशी निघाली. आता प्रश्न वेगळाच, साधारण अर्धे कोंबडे निघणार, ते पहाटे गल्ली जागी करणार, आणि आईला दिलेल्या शब्दामुळे ते कापणाऱ्याला देता येत नाहीत. कुणाला पाळायला हवे असतील तर सांगा.