आईचं राहिलेलं माथेरान

2017 च्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत गेले होते. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वेगाडी वर्षभर बंदच होती. तिथून पुढे मोटारींना बंदी, म्हणजे पायी जा, नाहीतर घोड्यावर किंवा माणसानं ओढायच्या हातरिक्षात. आईचे गुडघे दुखरे, आणि घोड्यावर किंवा हातरिक्षात बसायला ती काही केल्या तयार होईना. अर्धा तास कठड्यावर बसून आम्ही परत फिरलो. "माझं माथेरान राहिलंच," एवढंच ती म्हणाली.

या हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी, नेरळहूनच गाडी धरली. टॅक्सीनं दस्तुरीला जा, तिथल्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानची शटल गाडी घ्या, वेळ वाचेल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बरं झालं ऐकलं नाही. 1907 साली पीरभॉय कुटुंबानं आणलेली ही दोन फुटी रुळांची गाडी 21 किलोमीटरला पावणेतीन तास घेते. बाकडी अरुंद, पाय आखडतात. पण जुम्मापट्टी स्टेशननंतर डोंगराच्या कडेला जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती दिसू लागल्या आणि मी पायांचं विसरले. 2019 च्या पावसानं इथला मार्ग उखडला होता. नेरळची गाडी पुन्हा वर चढली ती थेट 22 ऑक्टोबर 2022 ला.

एका वळणावर रुळांची देखभाल करणारे तीन ट्रॅकमन खडकाला पाठ टेकवून उभे होते. पायाशी पहार आणि घमेली. गाडी इतकी हळू की त्यांच्या कपाळावरचा घामही दिसला. आईनं खिडकीतून हात जोडले. एकानं पटकन हातमोजा काढून नमस्कार केला. माझे डोळे भरून आले. दर पावसाळ्यानंतर हा रस्ता हीच माणसं पुन्हा उभा करतात.

माथेरान स्टेशनवर एका हमालबाईंनी आमची बॅग उचलली. आईनं विचारलं, "गाडी बंद होती तेव्हा काय करायचीस गं?"

"नुसत्या बसून असायचो, आजी. बॅगा दस्तुरीवरनंच घोड्यावर जायच्या. मग लॉजवर भांडी घासली. पावसात लॉजपण बंद."

"आणि आता?"

"आता गाडी आली की चार खेपा होतात."

या गाडीनं पर्यटन वाढतं म्हणतात ते मला त्या चार खेपांत कळलं. या मार्गावर पैसा घालवू नये म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पुढचे दोन दिवस पॉइंट, माकडं आणि गर्दीत गेले. शनिवारचा गोंगाट मला सोसला नाही.

त्या पहिल्या दुपारी मात्र लाल मातीच्या रस्त्यानं डोक्यावर बॅग घेतलेल्या बाई पुढे, मागून काठी टेकत आई. बाई दर वळणावर थांबायच्या. "सावकाश या आजी, पुढची गाडी यायला वेळ हाये."